रोड-सायकलीच्या ग्रुपसेटची निवड : नियामक चढाचा निकष

वाकड्या हँडलची, अरुंद टायरची व वजनाने हलकी अशी जी सायकल व्यवहारात रेसिंग सायकल अथवा रोड-बाइक या नावाने ओळखली जाते, तिचे सांगाडा, चाके आणि ग्रुपसेट असे तीन मुख्य भाग कल्पिता येतात. ब्रेक व गिअर चालविणारे लिव्हर, पुढील व मागील डिरेलर, क्रँक व तिच्यावरील दंतचक्रे, मागील चाकावरील दंतचक्रांची चळत म्हणजे कॅसेट, साखळी आणि ब्रेक यांचा एकमेकांस जुळेल असा घडविलेला समूह म्हणजे ग्रुपसेट होय. सांगाडा बहुधा एकदाच घेतला जातो. ग्रुपसेटचे घटक मात्र झिजतात, बदलावे लागतात व त्यांची दुरुस्तीही वारंवार करावी लागते. म्हणून ग्रुपसेटची निवड ही एका दिवसाची खरेदी नसून पुढील अनेक वर्षांच्या खर्चाचे व सोयीगैरसोयीचे बंधन असते.

नाशिक शहरात हा प्रश्न आता मूठभर हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. २०१५ साली येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर चालणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ होय. २०१७ साली नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली व तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. आषाढीपूर्वी निघणाऱ्या नाशिक–पंढरपूर सायकल वारीमुळे लांब पल्ल्याचे सायकल चालविणे सर्व वयाच्या व सर्व व्यवसायांच्या लोकांत रुजले आहे. असा मनुष्य रोड-सायकल घ्यावयास दुकानी जातो, तेव्हा त्याच्यासमोर शिमानो, स्रॅम व कँपॅनोलो ही तीन नावे आणि प्रत्येक नावाखाली चढत्या किमतीच्या पायऱ्या मांडल्या जातात. 'कोणता संच श्रेष्ठ?' असा प्रश्न तो करतो आणि त्याचे उत्तर त्याला किमतीच्या क्रमाने मिळते. वस्तुतः प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला गेलेला असतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नियामक चढ म्हणजे काय?

या विचारास आधारभूत होणारी कल्पना सायकलशास्त्रात नव्हे, तर रेल्वेच्या शास्त्रात सापडते. आणि तिचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्याच्या सीमेवरच आहे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. या घाटातील चढ ३७ मध्ये १, म्हणजे सुमारे २.७ टक्के आहे. मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्यापर्यंत आपल्या इंजिनाच्या बळावर सहज येते. परंतु घाट चढण्यासाठी तिला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. मुंबई ते भुसावळ या साऱ्या मार्गाचा सरासरी चढ काढला, तर तो नगण्य भरेल. पण त्या सरासरीवरून इंजिनाची शक्ती ठरविली, तर गाडी कसाऱ्यास अडून राहील. मार्गावरील ज्या कठीण चढावर वाहनाची क्षमता ठरते, त्यास नियामक चढ म्हणतात. सरासरी येथे कामाची नाही. अडचणीची जागाच निर्णायक असते.

सायकलस्वारास मागून जोडावयास इंजिन नसते. त्याची शक्ती मर्यादित असते व ती तो घरूनच घेऊन निघतो. त्याला त्या शक्तीचे रूप तेवढे बदलता येते. आणि हे रूपांतर करणारे यंत्र म्हणजेच गिअर. म्हणून कोणत्याही संचाविषयीचा पहिला प्रश्न असा असावयास हवा की, नेहमीच्या मार्गावरील नियामक चढास पुरेल इतका हलका गिअर त्यात आहे काय?

नाशिकच्या परिसरात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. शहर स्वतः पठारावर वसलेले असून गंगापूर धरणाकडील किंवा सिन्नरकडील रस्ते मोठ्या कष्टाचे नाहीत. त्र्यंबकेश्वरचा रस्ताही सौम्य चढाचा आहे. परंतु पठाराची कड ओलांडली की चित्र पालटते. पेठच्या वाटेवरील सावळघाट, कसारा घाट, नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा रस्ता आणि गुजरातच्या हद्दीवरील सापुताऱ्याची चढण ही सारी नाशिककर सायकलस्वारांची परिचित ठिकाणे आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ प्रदेशातील रस्त्यांसाठी नियामक चढ ५ टक्के व अपवादात्मक परिस्थितीतील चढ ७ टक्के सांगितला आहे. जुन्या व गावाकडील रस्त्यांची वळणे याहूनही उभी असू शकतात. पुढील गणितासाठी ७ टक्के हा अंक घेणे त्यामुळे वाजवी ठरते.

२. गिअरचे गणित

पुढील दंतचक्राच्या दात्यांस मागील दंतचक्राच्या दात्यांनी भागले असता जो अंक येतो, तो गिअरचे गुणोत्तर होय. रोड-सायकलीच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. गुणोत्तर १ असल्यास पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल २.१ मीटर पुढे जाते, १.५६ असल्यास सुमारे ३.३ मीटर जाते.

आता स्वार, सायकल व पाणी मिळून ८० किलोग्रॅम भार धरू. ७ टक्के चढावर गुरुत्वाकर्षणाचा विरोध सुमारे ५५ न्यूटन होतो. टायरचे घर्षण व हवेचा विरोध मिळवून तो ६१ ते ६३ न्यूटनपर्यंत जातो. मिनिटास ७० फेरे ही चढावरील सुखावह गती मानल्यास तीन निरनिराळ्या गिअरांस लागणारी शक्ती पुढीलप्रमाणे येते. पुढे ३९ व मागे २५ दाते, ही शर्यतीच्या सायकलींची जुनी रचना, असल्यास ताशी १३.८ किलोमीटर वेग ठेवावा लागतो व सुमारे २४० वॅट शक्ती लागते. पुढे ३४ व मागे २८ असल्यास वेग १०.७ किलोमीटर होतो व शक्ती सुमारे १८५ वॅट पुरते. पुढे ३४ व मागेही ३४ असल्यास ताशी ८.८ किलोमीटर वेगाने व सुमारे १५० वॅटमध्ये तीच गती राखता येते.

नियमित सराव करणाऱ्या सामान्य स्वारास दीर्घकाळ १५० वॅट देता येतात असे मानले, तर पहिल्या गिअरमध्ये त्याचे फेरे मिनिटास ४५ वर येतात, दुसऱ्यात ५७ वर, आणि तिसऱ्यात ते ७० राहतात. शक्ती तीच, वेगही जवळजवळ तोच. मग फरक कशात पडतो? तो पॅडलवरील दाबात पडतो. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर ७० फेऱ्यांस सरासरी सुमारे १२० न्यूटन बल लागते, तर ४५ फेऱ्यांस सुमारे १९० न्यूटन. म्हणजेच जड गिअरमध्ये प्रत्येक फेऱ्यास दीडपटीहून अधिक बल द्यावे लागते. एका तासाच्या चढणीत हे बल अडीच-तीन हजार वेळा गुडघ्यावर येते. घाटात सायकल हाती धरून चालावे लागणे अथवा दुसऱ्या दिवशी गुडघा धरणे, याचे मूळ अनेकदा स्वाराच्या दुर्बलतेत नसून त्याने विकत घेतलेल्या दंतचक्रांत असते.

३. किमतीच्या पायऱ्या काय देतात?

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शिमानोच्या पायऱ्यांचा क्रम वरून खाली ड्युरा-एस, अल्टेग्रा, १०५, टियाग्रा, सोरा असा गेली अनेक वर्षे रूढ होता. २०२३ पासून त्यांपैकी खालच्या पायऱ्या 'क्यूज' या नव्या मालिकेत सामावून घेण्यास कंपनीने आरंभ केला. पुढे ३४ व मागे ३४ हा गिअर नऊ चक्रांच्या सोरामध्ये मिळू शकतो आणि बारा चक्रांच्या ड्युरा-एसमध्येही मिळू शकतो. इतकेच नव्हे, तर बारा चक्रांच्या १०५ संचात मागे ३६ दाते बसतात. त्याहून महाग अशा अल्टेग्रा व ड्युरा-एसच्या मागील डिरेलरची मर्यादा मात्र ३४ दात्यांची आहे. अर्थात् किंमत वाढते म्हणून चढ सोपा होतो, असा नियम नाही. क्वचित् उलटही घडते.

मग अधिक पैशाने काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे वजनातील घट. बारा चक्रांचा विजेवर चालणारा १०५ संच आणि तशाच रचनेचा ड्युरा-एस यांच्या वजनात सुमारे अर्ध्या किलोग्रॅमचा फरक आहे. ८० किलोग्रॅमच्या एकूण भारावर हा फरक ०.६ टक्के होतो. एका तासाच्या सलग चढणीत त्यामुळे सुमारे २२ सेकंद वाचतील. अर्धा लिटर पाणी कमी नेल्यास हाच लाभ विनामूल्य होतो. शर्यतीत २२ सेकंद निर्णायक ठरू शकतात, हे खरे. परंतु सप्तशृंगी गडावर दर्शनास जाणाऱ्यास ते ठरत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे चक्रांची वाढती संख्या. ११ ते ३४ दात्यांच्या बारा चक्रांच्या कॅसेटमध्ये १५ नंतर १७ येते. तेवढ्याच पल्ल्याच्या नऊ चक्रांच्या कॅसेटमध्ये १७ नंतर एकदम २० येते. सपाट रस्त्यावर ९० फेऱ्यांनी चालणारा स्वार पहिल्या ठिकाणी हलक्या गिअरवर गेला, तर त्याच वेगास त्याचे फेरे १०२ होतात. दुसऱ्या ठिकाणी ते १०६ होतात. जथ्यातून वेगाने जाणाऱ्यास हा सूक्ष्म फरक जाणवतो व त्याचे मोल देणे त्याच्या दृष्टीने योग्यही आहे. परंतु संख्यावाढीने टोकांमधील पायऱ्या बारीक होतात, टोके आपोआप दूर जात नाहीत, हे ध्यानात ठेवावयास हवे.

४. तीन परंपरा, तीन उत्तरे

व्हिचेंझा येथे १९३३ साली तुल्यो कँपॅनोलो यांनी स्थापिलेली कंपनी, ओसाका जवळील साकाई येथे १९२१ साली शोझाबुरो शिमानो यांनी सुरू केलेला फ्रीव्हीलचा कारखाना, आणि १९८७ साली शिकागोत निघालेली स्रॅम या तीन घराण्यांनी एकाच प्रश्नास वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. शिमानोच्या रोड-संचात सर्वांत लहान चक्र ११ दात्यांचे असून पुढे ५० व ३४ ही जोडी प्रचलित आहे. स्रॅमने २०१९ पासूनच्या बारा चक्रांच्या संचांत सर्वांत लहान चक्र १० दात्यांचे केले व पुढील चक्रे लहान केली. ४६ भागिले १० म्हणजे ४.६ आणि ५० भागिले ११ म्हणजे सुमारे ४.५५, अर्थात् वरचे टोक जवळपास तेच राहिले. खालच्या टोकास मात्र ३३ ला ३६ ने भागून ०.९२ पर्यंत उतरता आले. कँपॅनोलोने आपल्या २०२३ च्या बिनतारी सुपर रेकॉर्ड संचात पुढे ४५ व २९ अशी जोडी देऊन, मागे २९ दात्यांवरच गुणोत्तर १ साधले. एवंच, तीनही घराणी एकाच मुक्कामास निरनिराळ्या वाटांनी पोहोचतात. यंत्र म्हणून त्यांत कोणी हीन नाही. भेद आहे तो मुख्यतः त्या वाटेवर चालू लागल्यावर परत फिरता येते किंवा नाही यात.

५. जुळणीचे बंधन

१९८४ पर्यंत गिअर बदलणे हे कानाचे व बोटांचे कसब होते. लिव्हर कोठेही थांबे. साखळी चक्रावर नीट बसली की नाही, हे स्वार आवाजावरून ओळखी. त्या वर्षी शिमानोने ड्युरा-एसमध्ये खाचांचा लिव्हर आणला. एक खाच म्हणजे एक चक्र, असा हिशेब झाला. १९९० मध्ये हाच लिव्हर ब्रेकच्या लिव्हरशी एकरूप झाला. सोय मोठी झाली; तथापि तिची किंमतही द्यावी लागली. पूर्वी कोणताही लिव्हर कोणत्याही डिरेलरशी चाले. आता लिव्हरने ओढलेली केबल, डिरेलरचे सरकणे आणि दोन चक्रांमधील अंतर ही तिन्ही मापे एकमेकांशी बांधली गेली.

या बंधनाचे स्वरूप आकड्यांनी स्पष्ट होते. शिमानोच्या आठ चक्रांच्या कॅसेटमध्ये एका चक्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ४.८ मिलिमीटर असते. दहा चक्रांत ते ३.९५ वर येते आणि अकरा चक्रांत सुमारे ३.७४ वर. जुन्या डिरेलरमध्ये केबल १ मिलिमीटर ओढली की डिरेलर १.७ मिलिमीटर सरके. त्यामुळे आठ चक्रांस दर खाचेस सुमारे २.८ मिलिमीटर केबल लागे, दहा चक्रांस अवघी २.३. केबल जितकी कमी ओढावयाची, तितका धुळीचा, ताणाचा किंवा वाकलेल्या हँगरचा दोष अधिक जाणवतो. अकरा चक्रांच्या वेळी कंपनीने हे प्रमाण १.४ च्या आसपास उतरविले व दर खाचेची केबल पुन्हा २.७ वर नेली. हा सुधार खरा होता. पण त्यामुळे जुने व नवे भाग परस्परांस मुकले. दहा चक्रांचा २०१५ चा टियाग्रा त्याच कंपनीच्या आधीच्या दहा चक्रांच्या लिव्हरशी जुळत नाही, तो याच कारणाने. 'दोन्ही दहाचेच आहेत' एवढ्या आधारावर जुना भाग विकत घेणारा येथे फसतो.

मागील चाकाच्या हबवरही असेच बंधन असते. दहा दात्यांचे चक्र बसविण्यासाठी स्रॅमला वेगळ्या घडणीचा फ्रीहब लागतो; कँपॅनोलोचे खाचे शिमानोहून भिन्न आहेत. स्रॅमच्या बारा चक्रांच्या रोड-संचाची साखळी मोठ्या रोलरची असल्याने दुसरी साखळी तिच्या जागी चालत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये शिमानो खनिज तेल वापरते, तर स्रॅमच्या रोड-ब्रेकांत डॉट प्रकारचा द्रव असतो. एकाच्या जागी दुसरा घातल्यास रबरी सील बिघडतात. तात्पर्य, ग्रुपसेट घेणारा एक वस्तू घेत नाही. तो एका पुरवठ्याच्या साखळीशी करार करतो.

६. केबल की वीज?

विजेवर चालणारे गिअर शिमानोने २००९ मध्ये ड्युरा-एसमध्ये आणले, स्रॅमने २०१५ मध्ये बिनतारी रचना जाहीर केली, आणि २०२२ मध्ये १०५ पर्यंत ही सोय उतरली. यांत केबल नसल्याने ती ताणली जात नाही व पावसाळ्यातील चिखलाने अडत नाही. स्रॅममध्ये प्रत्येक डिरेलरची बॅटरी स्वतंत्र असते. शिमानोमध्ये दोन्ही डिरेलर सांगाड्यातील एका बॅटरीवर चालतात. पूर्ण भरलेली बॅटरी ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसही, ज्यासाठी ४० तासांची मुदत असते, सामान्यतः पुरते. म्हणून 'बॅटरी वाटेत संपेल' ही भीती फारशी साधार नाही.

खरा भेद बिघाडाच्या स्वरूपात आहे. केबल हळूहळू बिघडते. गिअर आधी कुरकुरतो, मग चुकतो, शेवटी केबलचे तंतू तुटतात. आणि तुटलेली केबल साध्या सायकल दुकानातील कारागीरही बदलू शकतो. विजेचा डिरेलर उत्तम चालतो तोपर्यंत उत्तमच चालतो. तो आपटून निकामी झाला, तर त्याचा उपाय रस्त्यावर नसतो. अमेरिका ओलांडणाऱ्या शर्यतीत स्वाराच्या मागे मदतीची मोटार व सुटे भाग असतात. तेथे जे यंत्र निर्धोक आहे, ते सावळघाटात सायंकाळी एकट्या असलेल्या स्वारास तितकेच निर्धोक असेलच, असे नाही. विजयी स्पर्धकाची सायकल पाहून स्वतःची ठरविणाऱ्याने त्याची सायकलच तेवढी पाहिलेली असते. त्याच्या मागची मोटार पाहिलेली नसते.

७. झीज व निवडीचा क्रम

नाशिकच्या हवामानात उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल साखळीच्या पिनांत शिरून तिला कुरतडतात. साखळीची लांबी अकरा व बारा चक्रांच्या संचात ०.५ टक्के, आणि आठ ते दहा चक्रांच्या संचात ०.७५ टक्के वाढली की ती बदलावी, असा सामान्य नियम आहे. तीस सेंटिमीटर साखळीवर ही वाढ अनुक्रमे १.५ व २.३ मिलिमीटर एवढीच होते. ती वेळीच न बदलल्यास लांबलेली साखळी कॅसेटचे दाते खाते व लहान खर्चाचा मोठा खर्च होतो. म्हणून साखळी व कॅसेट या झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्या शहरात सहज मिळतील व त्यांचा खर्च दर एकदोन वर्षांनी झेपेल, याची खात्री मूळ किमतीइतकीच महत्त्वाची आहे.

यावरून निवडीचा क्रम असा लागतो. प्रथम नेहमीच्या मार्गावरील नियामक चढ व स्वतःची टिकाऊ शक्ती यांवरून सर्वांत हलक्या गिअरचे गुणोत्तर ठरवावे. घाट चढणाऱ्या सामान्य स्वारास ते १ किंवा त्याहून कमी असावे. नंतर ते गुणोत्तर कोणकोणत्या संचांत बसते, हे क्रँकचे दाते व मागील डिरेलरची मर्यादा पाहून तपासावे. तिसऱ्या पायरीस फ्रीहब, साखळी, कॅसेट व ब्रेकचा द्रव यांचा पुरवठा आणि ते हाताळणारा कारागीर जवळ आहे काय, हे पाहावे. चौथ्या पायरीस, बिघाड झाल्यास मदत किती दूर आहे, या दृष्टीने केबल व वीज यांत निवड करावी. इतके झाल्यावर जे पैसे उरतील, त्यांतून वजन कमी करावे अथवा चक्रे वाढवावीत. कंपनीचे नाव शेवटी येते, आणि तोपर्यंत बहुधा ते आपोआपच ठरलेले असते.

बाजारातील मांडणी याच्या बरोबर उलट आहे. तेथे नाव प्रथम येते, पायरी नंतर, आणि कॅसेटचे दाते कित्येकदा ग्राहकास सांगितलेही जात नाहीत. जेथे वस्तूंच्या अनेक गुणांची एकाच किमतीच्या रेषेवर मांडणी केली जाते, तेथे त्या रेषेवर न दिसणारा गुणच कधीकधी निर्णायक असतो. तो शोधण्याची रीत थळ घाटात लोहमार्ग बांधणाऱ्यांना ठाऊक होती : आधी चढ मोजावा, मग इंजिन ठरवावे.